रूपलालजी वाकले ते वाकलेच

सकाळी साडेसात वाजता कामठ्याचे रूपलालजी हरिणखेडे चौरीपुढे नमस्काराला वाकले आणि वाकलेलेच राहिले. कमरेत काहीतरी कट्‌ झालं. गुडघे आणि तळवे जमिनीला टेकलेले, कपाळ ओट्यापासून चार बोटांवर आणि बाकीचा देह दाराकडे. वर येता येईना, आडवं होता येईना. पहिली दोन मिनिटं हा भक्तीचाच भाग आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या मिनिटाला त्यांना घाम फुटला.

चौरी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला मातीचा बुटका ओटा. हरिणखेडे घराण्याचा कुलदेव तिथे राहतो. मूर्ती नाही, फोटो नाही. एक दिवा, बोटभर शेंदूर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक. घराण्याचा नियम असा की, त्या खोलीत परक्या गोत्राच्या माणसाने पाऊल टाकायचं नाही. सून चालते, कारण ती लग्न होऊन घरच्या गोत्रात येते. मुलगी लग्नानंतर चालत नाही, कारण ती जाते. या नियमापायी वायरमन दारातूनच परत जाई आणि बल्ब बदलायला रूपलालजी स्वतः स्टुलावर चढत. तीन वर्षांपूर्वी खोलीत धामण शिरली, तेव्हा साप पकडायला आलेल्या माणसाला आधी त्याचं गोत्र विचारण्यात आलं. धामणीचं कोणी विचारलं नाही.

गाव या नियमाला पाठीमागे हसत असे आणि तोंडावर मान देत असे. 'ज्याची त्याची श्रद्धा' हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचं आहे. ते एकदा म्हटलं की डोक्याला ताप नाही आणि समोरच्याच्या घरचा चहाही सुटत नाही.

"सोनिका! ओ सोनिका!" रूपलालजींनी जमिनीकडे तोंड करून हाक मारली.

सून सोनिका त्या चार दिवसांमुळे ओसरीच्या टोकाला वेगळी बसली होती. तिथूनच ओरडली, "का झालं मामाजी?"

"इकडं ये! नोको, नोको, येऊ नोको! तितूनच सांग, घरात कोन आहे?"

"मी आहे. रविताताई आहे."

"म्हंजे कोनीच नाही!" रूपलालजी कळवळून म्हणाले.

घरात खरोखरच चालण्याजोगं कोणी नव्हतं. मुलगा ओमेश्वर दिवाळी आटोपून कालच भिलाईला कामावर गेला होता. बायको राजकुमारीबाई भाऊबीजेपासून नवेगाव बांध इथे भावाकडे होत्या आणि दुपारच्या बसने येणार होत्या. उरली ती दिवाळीला माहेरी आलेली मुलगी रविता. ती देवरीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. माणसाला उचलणं, कुशीवर वळवणं, धरून उभं करणं हे तिचं रोजचं पोटापाण्याचं काम. ती धावत आली, बापाचा एकंदर आकार पाहिला आणि तिला रोग कळला.

"बाबूजी, कमर आखडली तुमची. बिलकुल हालू नका, मी येऊन..."

"थांब! उंबऱ्यातच थांब! पाय टाकू नोको!"

रविताने उचललेला पाय तसाच मागे घेतला. अकरा वर्षांपूर्वी लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा सवयीने थेट माठाकडे गेली होती. ओसरीवरून बापाचा आवाज आला होता, "आता तू पाहुनी. पानी माग, मिळन." गोठ्यामागे जाऊन ती पोटभर रडली होती. त्या स्वयंपाकघरात बारावीपर्यंत तिने स्वयंपाक केला होता, चौरी तिने सारवली होती, आणि एका मांडवाने ती परकी झाली होती. ते तेव्हा लागलं ते लागलेलंच होतं.

"मंग बाहेरून सांगते," ती म्हणाली. "डावा गुडघा हळूच मागं घ्या. आता उजव्या हातावर वजन..."

"आई गं!"

"राहू द्या. उचलाले मानूस लागन."

"मानूस आन," रूपलालजी म्हणाले, "पन आत नोको आनू."

समोरच्या जागेश्वरची पिठाची चक्की होती. पन्नास किलोचं पोतं तो एका हाताने उचले. पीठ माखलेला तसाच तो आला, उंबऱ्यापाशी उकिडवा बसला आणि दृश्य नीट पाहून घेतलं.

"काकाजी, का करून राहिले?"

"नमस्कार करून राहिलो, दिसत नाही का!" रूपलालजी खेकसले. "ओढ मले बाहेर. पाय आत टाकशीन तं पाहा."

जागेश्वरने गोठ्यातून लांब बांबू आणला आणि आत सरकवला. "धरा, काकाजी." रूपलालजींनी धरायला एक हात उचलला आणि उरलेल्या एका हाताला तो भार पेलला नाही. ते नाकावर आले. नाक ओट्याला टेकलं. नमस्कार आता अधिक पूर्ण दिसू लागला, एवढाच फरक पडला.

आठ वाजेपर्यंत ओसरीवर वीसेक माणसं जमली. शेजारीपाजारी माणूस अडकला की लोकांना त्याच्याविषयी जे प्रेम वाटू लागतं, ते सुटल्यावर टिकत नाही. कोणी म्हणे पाठीवर गरम पाणी फेका, कोणी म्हणे मागून दोर टाकून ओढा. आत जाऊन हाताला धरा, असं मात्र एकानेही म्हटलं नाही. श्रद्धेचा प्रश्न होता.

ओमेश्वरला फोन लावला. तो म्हणाला, "सुटी मांगतो, गाडी भेटली तं संध्याकारपर्यंत पोचतो." मग रविताने काका चुन्नीलालला फोन लावला. तो रूपलालजींचा सख्खा भाऊ, म्हणजे अस्सल गोत्राचा. राहायलाही फक्त तीन कोसांवर. पण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांत आठ वर्षं बोलणं नव्हतं.

"काकाजी, बाबूजी सकारपासून वाकून आहेत. चौरीत कोनाले जाता येत नाही. तुमी या."

"रूपलाल वाकला?" पलीकडून आवाज आला. "सोता?"

"हो."

"मंग राहू द्या त्याले थोडा वेळ," असं म्हणून चुन्नीलालने फोन ठेवला.

या सगळ्यात एक गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. रूपलालजी रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेत. डॉक्टरांच्या भाषेत ती गोळी 'अंगातलं पाणी काढायची' होती. सात वाजता त्यांनी ती घेतली होती, वर तांब्याभर पाणी आणि जागेश्वरच्या घरून आलेला दोन कप चहा घेतला होता. गोळी आपलं काम चोख करत होती.

"रविता," त्यांनी अगदी हळू हाक मारली. "बाई, जरा कान इकडं कर."

"बोला."

"मले... जावं लागते."

"कुटं?"

"अवं, जावं लागते! पान्याची गोळी घेतली न सकारी!"

रविताला कळलं. "किती वेळ दम धरसान?"

"पंधरा मिनिटं. लय तं वीस."

"नाही धरला तं?"

रूपलालजींच्या नाकासमोर चौरी होती, चौरीवर देव होता, आणि अकरा पिढ्यांत त्या देवापुढे कोणी शिंकलंसुद्धा नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. परक्याचा पाय आत आला तर नियम मोडणार, आणि नाही आला तर जे होणार ते नियमात कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. रविताला ते दिसलं नाही, कारण तिच्या बाजूला डोळे नव्हते.

तेवढ्यात भैयाजी आले. गावातले धर्माचे प्रश्न भैयाजी सोडवत. स्वतः ते कुठलाच नियम पाळत नसत, त्यामुळे दुसऱ्याच्या नियमांवर त्यांना अगदी तटस्थपणे बोलता येई. पानाची पिचकारी टाकून ते उंबऱ्याबाहेर पाटावर बसले आणि उंबऱ्यापाशी सगळं ऐकत बसलेल्या जागेश्वरने त्यांना हकिकत सांगितली. गोळीसकट सांगितली, म्हणजे ती आता वीस माणसांना कळली.

"देखो भाऊ," भैयाजी म्हणाले, "श्रद्धेचा मामला आहे. मान तं ठेवलाच पाहिजे. मोठा विटाळ कोनता, पायाचा का पान्याचा, हे पाहा लागन. पंचांग आना."

"पंचांग आतच आहे," सोनिका टोकावरून म्हणाली.

"मंग दुसरा उपाय. जागेश्वरले हरिणखेडे करून घ्या. दत्तक. मंग तो घरचाच झाला."

"मी बेचाळीस वर्साचा आहे न भैयाजी!" जागेश्वर दचकला. "अन्‌ माहा बाप जित्ता आहे."

"तात्पुरता रे."

"कितीक वेळ लागन?" आतून रूपलालजींचा क्षीण आवाज आला.

"होम, पाच घरची मानसं, नारळ... दीड घंट्यात आटपून टाकू."

आतून जो आवाज आला तो शब्द नव्हता.

मग जागेश्वरच्याच डोक्यात ती नामी कल्पना आली. नियम पाय टाकण्याचा आहे ना? मग पाय टाकायचाच नाही. तो सरळ छपरावर चढला, चौरीच्या खोलीवरची कवेलू काढली आणि भोकातून दोर खाली सोडला. विहिरीत पडलेला बैल काढतात, त्यातली ही रीत. फासात रूपलालजींनी कसेबसे हात आणि डोकं घातलं. वरून जागेश्वर आणि आणखी दोघं ओढू लागले. खालून भैयाजी "हळू, हळू" म्हणत होते.

रूपलालजी उचलले गेले, पण वाकलेल्या आकारातच. कमरेचा काटकोन तसाच राहिला आणि ते जमिनीपासून हातभर वर गोल फिरू लागले. अर्ध्या फेरीत चौरी दिसे, अर्ध्या फेरीत गाव दिसे. फास सरकून काखेतून पोटावर आला. पोटावर म्हणजे नेमका जिथे यायला नको होता तिथे.

"सोड! सोड! आता होते! सोड!"

जागेश्वरने घाबरून दोर सोडला. रूपलालजी पुन्हा होते त्या जागी, होते त्या आकारात येऊन बसले. वरून दोन कवेलू खाली आली आणि फुटली. ओसरीवरचे सगळे घड्याळाकडे बघितल्यासारखे रूपलालजींकडे बघू लागले.

रविता उठली. पदर खोचला, दारावरचा टॉवेल घेतला आणि सरळ आत गेली.

तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्याच्या आत एक पायरी अचानक खाली उतरते, नवखा माणूस तिथे हमखास तोंडावर पडतो. ती बरोबर उतरली. तांदळाच्या कोठीमागे हात घालून तिने दिव्याचं बटण दाबलं. ते बटण ओमेश्वरने दोनच वर्षांपूर्वी तिथे बसवलेलं होतं. ओसरीच्या टोकावर सोनिकाने हळूच मान खाली घातली. आता वाचकांपासून काय लपवायचं? रूपलालजी दुपारी जेवून झोपले की या घरातल्या तिन्ही बाया त्या खोलीत बसून भाज्या चिरत, पापड भाजत आणि रूपलालजींच्या नकला करत. गेली अकरा वर्षं, रविताच्या प्रत्येक माहेरपणात. चौरीपुढची रांगोळीसुद्धा कित्येकदा तिच्याच हातची असे. देवाने एकदाही हरकत घेतली नव्हती. रूपलालजी तेवढे घोरत असत.

"रविता! अवं, तू..." रूपलालजी म्हणाले.

"मंग बोला. आता श्वास सोडा." तिने टॉवेल कमरेखालून घेतला, गुडघा त्यांच्या बरगडीला लावला आणि एका झटक्यात त्यांना कुशीवर आणलं. दुसऱ्या झटक्यात बसतं केलं. तिसऱ्यात उभं. रूपलालजी ओरडले, पण ओरडतच चालू लागले. उंबरा, ओसरी, अंगण. वीस माणसांनी वाट करून दिली. अंगणापलीकडे निर्मल ग्रामच्या वर्षी बांधलेला संडास होता. दार लागलं.

गाव कान देऊन उभं होतं. मग आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. जागेश्वरने छपरावरूनच हात जोडले. चौरी कोरडी राहिली होती.

आता कोणालाही वाटेल की, बाहेर आल्यावर बापाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला असेल. पण माणूस संकटात असतो तेवढाच वेळ शहाणा असतो. खाटेवर आडवे होऊन, पाठीखाली उशी घेऊन, एक कप चहा पोटात गेल्यावर रूपलालजींना आपलं घराणं आठवलं.

"तुनं माह्या देवाचा नियम मोडला, रविता."

रविताच्या हातात अजून टॉवेल होता. तिने त्याची घडी घातली.

"गोमूत्र आना," रूपलालजी म्हणाले. "चौरी शिंपडा लागन."

"काकाजी," जागेश्वर म्हणाला, "जराशासाठी तं तुमचंच शिंपडलं जात होतं."

"चूप! श्रद्धेचा मजाक करतो?" रूपलालजींनी भैयाजींकडे पाहिलं. "भैयाजी, तुमी सांगा. विधी का आहे?"

भैयाजींच्या दत्तकविधानाचा आणि त्यातल्या नारळाचा असा ऐनवेळी बोजवारा उडाला होता. ती कसर त्यांनी इथे भरून काढली. "शुद्धी करा लागन. घरच्या कर्त्या पुरुषानं चौरीपुढं सात साष्टांग नमस्कार घालाचे. तोपर्यंत घरच्या पुरुषाबिगर आत कोनी जाचं नाही."

"बायकोबी नाही?"

"कोनतीच बाई नाही. बाईच्याच पायानं तं विटाळ झाला!"

"बरोबर," रूपलालजी समाधानाने म्हणाले. "आइकलं का सगळ्यायनं? आजपासून एकबी बाई आत जाइन तं माह्याशी गाठ आहे."

दुपारी गोंदियाहून डॉक्टर आले. त्यांनी कमर दाबून पाहिली, रुंद पट्टा बांधला आणि बजावलं, "तीन हफ्ते झुकना नहीं. बिलकुल नहीं. झुके तो सीधा नागपूर, ऑपरेशन."

तीन आठवडे वाकायचं नाही, आणि वाकल्याशिवाय साष्टांग नाही. हा हिशेब त्या वेळी रूपलालजींच्या ध्यानात आला नाही. तो राजकुमारीबाईंच्या ध्यानात आला. त्या नुकत्याच बसमधून उतरून आल्या होत्या. सोनिकाने त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी रूपलालजी लेकीला काय म्हणाले तेही सांगितलं. राजकुमारीबाईंनी रविताकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी चौरीच्या दिशेने लांबूनच हात जोडले, चटई काढली आणि ओसरीवर पाय पसरून बसल्या.

पाच वाजले. सहा वाजले.

"सैपाकाचं का झालं?" रूपलालजींनी खाटेवरून विचारलं.

"मले का विचारता?" राजकुमारीबाई म्हणाल्या. "मी तं बाई आहे."

"म्हंजे?"

"तुमीच म्हनलं न, एकबी बाई आत नाही पाहिजे. मोडू का नियम?"

रूपलालजी विचारात पडले. "मंग अंगनात चूल मांड."

"मांडते न. पन चौरीवर नैवेद्य चढल्याबिगर या घरात कोनी अन्नाले हात लावत नाही. तुमच्याच बापाचा नियम आहे. अन्‌ नैवेद्य आतच रांधा लागते. आत कोन जाइन?"

"ओमेश्वर..."

"त्याचा फोन आला होता, मामाजी," सोनिका म्हणाली. "तुमी उभे झाले ऐकून त्यानं सुटी नाही मांगितली."

रूपलालजींनी आळीपाळीने तिघींकडे पाहिलं. तिघींच्या चेहऱ्यावर कमालीची श्रद्धा होती. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी चहासुद्धा स्वतः केला नव्हता. ते हळूच उठले, पट्टा सावरला आणि भिंतीला धरून आत गेले.

थोड्या वेळाने आवाज आला, "तांदूर किती घेऊ?"

"आमाले इतून दिसत नाही," राजकुमारीबाई म्हणाल्या. "अन्‌ आत पाहालेबी भेव वाटते बाप्पा, देवाचा मामला आहे."

त्या रात्रीचा भात खाली जळका, मध्ये पेज आणि वर कच्चा होता. देवाला तो सगळ्यात आधी दाखवला गेला. देव काही बोलला नाही, पण त्याचं काय, त्याला खावा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. खालच्या फळीवरचे डबे वाकल्याशिवाय निघत नव्हते आणि हळद, तिखट, जिरं सगळं खालच्याच फळीवर होतं. तेव्हा वरच्या फळीवर जे होतं त्यातच स्वयंपाक झाला. वर साखर आणि मेथ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी कामठ्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा होती. मंडई म्हटली की घरोघर पाहुणे. हरिणखेड्यांकडे देवरीचे व्याही, त्यांचे दोन भाऊ, राजकुमारीबाईंचा भाऊ आणि त्याची चार माणसं असे आठ जण सकाळीच येऊन बसले. राजकुमारीबाईंनी नवऱ्याकडे बोट करून त्यांना दारातच सांगितलं, "आज सैपाक यायच्या हातचा आहे. घरात मोठं व्रत सुरू आहे." व्याह्यांनी आदराने मान डोलावली. ते म्हणाले, असं श्रद्धाळू घर आजकाल पाहायला मिळत नाही. मग त्यांनी पहिला घास घेतला आणि पुढे फक्त पाणी मागत राहिले.

बाया ओसरीवर पंगतीत बसल्या होत्या. रविताला माहेरी पहिल्यांदाच बाप आतून आणून वाढत होता. वाढपी वाकू शकत नव्हता, त्यामुळे भात कमरेच्या उंचीवरून ताटात पडत होता. "बाबूजी, भाजी," ती म्हणाली आणि बापाने निमूट भाजी आणली. तिला हसू आलं, पण त्याच्या भाजलेल्या बोटांकडे बघून तिने दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. शेवटी बापच होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

चौथ्या दिवशी सकाळी रूपलालजींनी भैयाजींना बोलावून घेतलं. जागेश्वरही चक्की बंद ठेवून आला. असलं काही तो चुकवत नसे. बोटांना तीन ठिकाणी भाजल्याच्या पट्ट्या बांधलेल्या, अशा अवस्थेत रूपलालजी खुर्चीवर ताठ बसले होते.

"पहाटे देव सपनात आला," ते गंभीरपणे म्हणाले.

"काय म्हनत होता?" भैयाजींनी विचारलं.

"म्हने, रूपलाल, तुही भक्ती पोचली मले. साष्टांगाची गरज नाही. मनातून नमस्कार केला तं चालते. शुद्धी झाली म्हन. बायायले आत येऊ दे."

"वा!" भैयाजी म्हणाले. तेही मंडईच्या पंगतीला होते. "दृष्टांत झाला म्हनल्यावर विषयच खतम. झाली शुद्धी!"

"अन्‌ अजून एक म्हनला." रूपलालजींचा आवाज खाली आला. त्यांनी रविताकडे न बघता, तिच्या बाजूच्या खांबाकडे बघितलं. "म्हने, पोरगी लगन झाल्यानं परकी होत नसते. तिलेबी येऊ दे."

अकरा वर्षं रविताने हेच वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. देवाच्या तोंडून का होईना, जळक्या भाताच्या जोरावर का होईना, ते आलं होतं. ती अर्धी उठलीही. तेवढ्यात राजकुमारीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

रविताने आईकडे पाहिलं. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेला आईचा हात तिच्या गुडघ्यावर होता. चारच दिवसांत त्याच्यावरची काजळी उतरली होती. रविता पुन्हा बसली.

"लय चांगलं झालं बाबूजी," ती म्हणाली. "देव तुमच्या सपनात आला. माह्या सपनात अजून नाही आला."

"म्हंजे?"

"तो मले येऊन सांगन का, रविता आत जा, तवा मी जाइन. तोपर्यंत माहं मन नाही म्हनते. विटाळ माह्याच पायानं झाला न?"

"मलेबी नाही आला," राजकुमारीबाई म्हणाल्या.

"मले तं मामाजी झोपच लागत नाही," सोनिका म्हणाली.

रूपलालजींचा चेहरा लाल झाला. "अवं, पन हे का आहे? याले काही अर्थ आहे का? मी सांगून राहिलो न, देवानं परवानगी देल्ली! तुमाले सपन पडलंच पाहिजे, हा कुठचा नियम?"

"आमची श्रद्धा आहे, बाबूजी," रविता शांतपणे म्हणाली. "तुमाले नसन पटत. पन मान तं ठेवा."

रूपलालजींनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजी चपला शोधत होते. त्यांनी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वरने दोन्ही हात जोडून डोळे मिटले होते आणि त्याचे खांदे हलत होते.

मग रूपलालजी उठले, पट्टा घट्ट केला आणि आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले. वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच.